मागच्या डाव्या चाकाची हवा

पंक्चरच्या दुकानामागे संसार केला की गोष्टी गोळा कराव्या लागत नाहीत. भाजी निवडताना त्या खिडकीतून आत येतात, अंगण झाडताना पायात येतात. आमच्या भजनी मंडळातल्या बायका टाळ खाली ठेवले की म्हणतात, "वैनी, आता दुकानातलं सांगा काहीतरी." मग मी सांगते. देवाचं नाव घेऊन झाल्यावर माणसं थोडी हसली तर देवाला वाईट वाटत नसावं, असं माझं आपलं मत आहे.

दुकान पेठेत. रस्त्याकडे दोन खण, मागे आम्ही. आमचे हे म्हणजे सगळ्या पेठेचे अण्णा. खिळा घुसून एकदम बसलेलं चाक कुणीही दुरुस्त करील, पण यांचं नाव होतं ते बारीक गळतीसाठी. भरलेली हवा हळूहळू उतरते आणि कुठून जाते ते दिसत नाही, अशी गाडी लोक पार हातकणंगल्याहून घेऊन यायचे. ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवायची, हळूहळू फिरवायची आणि बुडबुडा कुठून निघतो ते बघत बसायचं. यांना घाई म्हणून नाही. "हवा खोटं बोलत न्हाय," हे म्हणायचे. "आपली थांबायची तयारी पायजे."

थांबायचं म्हटलं की चहा आला. दुकानाला लागूनच बंडाचा चहाचा गाडा. यांचा एक ग्लास रिकामा व्हायच्या आत दुसरा निघालेला असायचा. त्यामुळे यांनी चहा सोडला ते साल अजून पेठेत लोकांच्या लक्षात आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कारण झाली वकीलसाहेबांची गाडी.

*

त्या गाडीशी आमची ओळख थुंकीवरून झाली.

व्हॉल्व्हमधून हवा जाते का हे बघायला पंक्चरवाला बोट जिभेला लावतो आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवतो. बुडबुडा आला की आतली पिन खराब. वकीलसाहेब आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. त्यांनी गाडी घेतली, दारात पूजा केली आणि लगेच मागचं डावं चाक मऊ लागलं म्हणून आमच्याकडे आणली. सोबत त्यांच्या मंडळी, सुमनताई. यांनी सवयीनं बोट जिभेला लावलं, तशा सुमनताई दार उघडून खाली उतरल्या.

"अण्णा, थांबा. सकाळीच पूजा झालीय गाडीची. थुंकी नका लावू."

यांचं बोट तसंच हवेत.

वकीलसाहेब म्हणाले, "अगं, चाक आहे ते. उद्या शेणातून जाणार आहे."

"शेण चालतं," सुमनताई म्हणाल्या.

मी खिडकीतून ऐकत होते. देवाची वस्त्रं धुवायला मी रिठे भिजवले होते, त्याचा फेस वाटीत घेऊन बाहेर आले. यांनी दोन बोटं फेस व्हॉल्व्हवर ठेवला आणि लिंबाएवढा फुगा आला! पिनच खराब होती.

पिन बदलताना सुमनताई वाकून बघत होत्या. यांच्या कामात कुणी वाकून बघितलं की यांना शिकवावंसंच वाटतं. "ही पिन आत दाबली की हवा बाहेर. सोडली की बंद. एवढंच गणित हाय बघा."

"आणि हे टोपण?"

"ते नुसतं धुळीसाठी, वैनी. त्याचा काय संबंध न्हाय."

तेव्हापासून दुकानात रिठ्याची वाटी कायमची बसली. कुणी विचारलं की हे सांगायचे, "आमच्यात सोवळ्यानं पंक्चर काढत्यात."

*

पुढे गणपती झाले आणि एका संध्याकाळी वकीलसाहेब पुन्हा दारात. तेच मागचं डावं चाक.

वकीलसाहेबांचा रोज संध्याकाळी क्लबात पत्त्यांचा डाव असायचा. कोर्टातून यायचं, चहा घ्यायचा, कोट बदलायचा की निघाले. डाव चुकायचा नाही आणि घरी परतायचे ते गल्ली निजल्यावर. त्यामुळे चाक बसलेलं बघून ते फार कावले होते. "अण्णा, लवकर बघा. तिघं माझ्यासाठी खोळंबलेत."

पण यांना लवकर बघता येत नाही. व्हॉल्व्हवर फेस लावला, पिन ठणठणीत. चाक उतरवलं, ट्यूब काढली, टाकीत बुडवून दोनदा फिरवली. एक बुडबुडा नाही. टायरच्या आतून हात फिरवला, रिमचा गंज घासला. काही नाही. सगळं परत बसवेपर्यंत क्लबातला डाव संपलेला. वकीलसाहेब गुपचूप घरी गेले.

नंतर चाक महिनाभर तसंच टणक. आणि महिन्यानं पुन्हा बसलं. पुन्हा तेच. पुन्हा काही सापडलं नाही.

तिसऱ्या खेपेला वकीलसाहेब म्हणाले, "अण्णा, राग मानू नका. हायवेला नवीन दुकान झालंय. मशीन आहे म्हणे त्यांच्याकडे." बोलले शांतपणे, पण चार गिऱ्हाइकांसमोर.

यांनी बंडाकडून आलेला भरलेला ग्लास खाली ठेवला. "ही गळती सापडंस्तवर चहा बंद."

आयुष्यभर माझ्या नेमांना हसलेला माणूस. माझा सोमवार, माझी चतुर्थी, माझा नरसोबाच्या वाडीचा गुरुवार, सगळ्याची यांनी थट्टा केलेली. मी आत नेऊन हळूच सांगितलं, "अहो, नेम धरायचा तर झेपेल असा धरावा. कारलं सोडा."

"न्हाय. तोंडातनं गेलं ते गेलं."

बंडाला कळलं तसा तो गाडा सोडून आला. "अण्णा, नेम तुमचा, पण उपास मला घडतोय की."

*

त्या दिवसांत यांच्या कपाळावर एक आठी कायम असायची. हवा खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाला हवा रोज खोटं पाडत होती. त्यातच शिरोळचा एक शेतकरी जीप घेऊन आला.

"अण्णा, बारीक हवा जातीय."

हे खाली बसले आणि तसेच मागे सरले. चाकावर मुंग्यांची रांग लागलेली. व्हॉल्व्हपाशी तर यात्रा भरली होती.

"पावणं, जीप कुठं लावता?"

"गुऱ्हाळापाशी. पण त्याचा काय संबंध न्हाय."

ट्यूब कापून बघितली तर आतून चिकट, तांबूस, गोड वासाची. यांनी बोट लावलं, वास घेतला आणि त्या माणसाकडे बघत राहिले. "काकवी?"

"पिन काढून पिचकारीनं भरली. गळती थांबली होती की, अण्णा. पार दिवाळीपतोर हवा हलली न्हाय. मुंग्या आल्या तो भाग येगळा."

मी दर गुरुवारी मुंग्यांना साखर घालते. त्या दिवशी मात्र मुंग्यांचं यांनीच केलं. ट्यूबचा तुकडा गटाराकडेला टाकला आणि मला म्हणाले, "जा, नमस्कार कर. म्हणावं, तुमची पंगत झाली, आता वकिलाच्या ट्यूबचं बघा."

हसत म्हणाले, पण हात चहाच्या ग्लासासाठी फळीकडे गेला आणि रिकामा परत आला. ते मी बघितलं. त्या महिन्यात मी गणपतीला दुर्वांची जुडी जास्तीची वाहिली.

*

अवसेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हमखास बारीक गळतीची गाडी येते. तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, लोक उतारा टाकतात, लिंबाला टाचण्या टोचून. लिंबू चिरडतं, टाचणी टायरमध्ये शिरते आणि हवा बेतानं जात राहते.

अशीच एका कंत्राटदाराची गाडी आली. यांनी चिमट्यानं टाचणी ओढली तर तिला हळद-कुंकू लागलेलं. कंत्राटदार खुर्चीवरून उठलाच.

"करणी. चुलतभावानं केली. बांधावरनं वाद हाय आमचा. बोलचाल बंद हाय. त्यानंच केली."

मी टाचणी पदराला पुसली आणि म्हटलं, "भाऊ, लोखंड आहे हे. याला कुणाचं नाव वाचता येत नाही. ज्याचं चाक वरून गेलं त्याला टोचली."

"तुम्ही देवमाणूस, वैनी. तुम्हाला न्हाय कळायचं." तो रागानं बाकावर बसला.

एवढ्यात दुसरी जीप आली. तीही एका बाजूला कललेली. उतरणारा माणूस कंत्राटदाराला बघून दारातच थबकला. चुलतभावच होता! त्याच तिकटीवरून आलेला. यांनी त्याच्या टायरमधून तसलीच टाचणी काढली, पहिल्या टाचणीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "आता कुणी कुणावर केली ते दोघं बसून ठरवा."

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. दोघांच्या ट्यूबांना ठिगळं लावून झाली. मग कंत्राटदारानं रस्त्याकडे बघत विचारलं, "काकी बरी हाय का?"

"गुडघं धरल्यात," चुलतभाऊ म्हणाला.

बंडानं न सांगता दोन चहा आणून ठेवले. मग चुलतभावानं आपला ग्लास यांच्यापुढे केला. "अण्णा, घ्या की. गोडीचा चहा हाय."

यांनी मान फिरवली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. बंडा मला म्हणाला, "वैनी, वकीलसाहेबांच्या गाडीला बी एकदा उतारा करून बघू."

यांच्या कानावर ते गेलंच. "बंडा, तू चहा कर. उतारा मी करतो, तुझ्या गाड्याचा. नदीत."

*

थंडी सरत आली तेव्हा यांनी शेवटचा उपाय काढला. मागचं डावं चाक उचलून पुढे उजवीकडे लावलं आणि पुढचं मागे आणलं. चाकात दोष असेल तर दोष चाकाबरोबर जाईल.

महिन्यानं गाडी आली. पुढे नेलेलं चाक टणक होतं. मागचं डावंच बसलं होतं, म्हणजे आता दुसरंच चाक!

हे खाली बसून कितीतरी वेळ बघत राहिले. मग वकीलसाहेबांना विचारलं, "घरी गाडी लावता कशी? हा कोपरा कुठल्या बाजूला येतोय?"

"स्वयंपाकघराच्या दाराकडे. तुळशीपाशी. का?"

"काय न्हाय. उगंच."

वकीलसाहेब म्हणाले, "अण्णा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण पुढच्या खेपेला सापडलं नाही तर मी हायवेला नेणार. स्पष्ट सांगतो."

त्याच आठवड्यात गणपतीच्या देवळात रांगेत सुमनताई भेटल्या. चतुर्थी नुकतीच झालेली, म्हणून उपासाचं बोलणं निघालं. मी म्हटलं, चंद्र फार उशिरा दिसतो हो. त्या म्हणाल्या, "उशिराचं काही नाही. नैवेद्य दाखवते आणि ताटं झाकून ठेवते. यांच्या आधी कसं बसायचं? हे येईपर्यंत मोदकाचा दगड होतो." मग थोड्या हसल्या. "पण अलीकडे देवाची कृपा आहे. चतुर्थीला लवकर येतात."

मी म्हटलं, "बाप्पा बघतो सगळं," आणि पुढे सरकले. तेव्हा माझ्या काही डोक्यात आलं नाही.

*

मी दिवेलागणीला दुकानाचा उंबरा झाडते. चाकांची अदलाबदल करूनही मागचं डावंच बसलं त्या संध्याकाळी झाडताना टाकीपाशी मला साबुदाण्याचा एक दाणा सापडला होता. मला वाटलं, माझ्याच पदरातून पडला असेल, उपास होता ना. केरात टाकला.

पुढच्या महिन्यात मला पित्ताचा त्रास झाला, म्हणून चतुर्थीला नुसतं दूध आणि केळं घेतलं. साबुदाण्याचा डबा तर संक्रांतीपासून रिकामा होता. दुपारी वाती वळत बसले होते आणि एकदम मनात आलं, मग तो दाणा कुणाचा?

हातातली वात तशीच राहिली. गाडी येते त्या प्रत्येक संध्याकाळी मी गच्चीवरून चंद्राची वाट बघत असते आणि खाली हे चाकाशी झटत असतात. प्रत्येक खेप चतुर्थीची. आणि चतुर्थीला लवकर येतात, असं देवळात सुमनताईच म्हणाल्या होत्या.

दिवस मावळायला वकीलसाहेब आले. चाक बसलेलं. बंडा होता, आणखी दोघं-चौघं होते, आणि हायवेच्या मशीनची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. हे खाली बसले आणि टोपणाला हात घातला.

सांगावं तर सुमनताईंची गोष्ट चव्हाट्यावर येणार. न सांगावं तर यांनी इतक्या वर्षांत मिळवलेलं नाव आजच्या आज जाणार. मी रिठ्याची वाटी घेऊन बाहेर आले.

"थांबा, मी फेस लावते," म्हटलं आणि टोपण मीच फिरवलं, हाताचा द्रोण करून, हळूहळू. तळव्यात दाणा पडला. कोरडा, टणक, आणि मधोमध पिनीएवढा खळगा.

मी मूठ फक्त यांच्यापुढे उघडली.

यांनी दाणा बघितला. टोपणाच्या आत बघितलं. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "आज काय हाय?"

"चतुर्थी."

"आणि मागल्या खेपेला?"

"चतुर्थीच. दर खेपेला."

यांना स्वयंपाकघराच्या दाराचा कोपरा आठवला असावा, कारण मान एकदा हलली. मागून वकीलसाहेब वाकले. "काय सापडलं, अण्णा? बघू."

यांनी दाणा उचलला, तोंडात टाकला आणि कडाकडा चावून खाल्ला.

"सापडलं," हे उठत म्हणाले. "वकीलसाहेब, गळती चाकात न्हाय. दिवसात हाय. संकष्टीला गाडी दारातनं हलवायची न्हाय. चंद्र उगवून, जेवण होऊन, हात धुईपर्यंत हलवायची न्हाय. एवढं पाळा. परत हवा उतरली तर मी दुकानाची पाटी उतरवतो."

"हे काय कारण झालं?"

"कारण कोर्टात लागतंय. हितं हवा लागती."

वकीलसाहेब देवधर्मातले नव्हते, पण पुराव्याचे होते. पुढच्या चतुर्थीला केवळ पुरावा म्हणून घरी बसले. सकाळी उठून स्वतः गेज लावून बघितलं आणि तसेच आमच्या दुकानात आले. "अण्णा, तसूभर उतरली नाही!"

त्यानंतर त्यांनी शास्त्रच काढलं. "समुद्राला भरती येते ती चंद्रामुळे. मग टायरमधल्या हवेनं काय घोडं मारलंय?" असं त्यांनी कोर्टात चहाच्या टेबलावर मांडलं. वकिली वाणी ती, पटायला वेळ लागत नाही. पुढच्या चतुर्थीला आणखी दोन वकिलांच्या गाड्या घरीच राहिल्या आणि क्लबात डावाला माणूस कमी पडला.

गळती सापडली त्याच संध्याकाळी बंडानं दोन्ही हातांत धरून ग्लास आणला होता. यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

"बंडा, साखर कमी हाय."

"तुम्ही न्हवता तवा मी बी सुधारलो, अण्णा."

*

आता हे शेवटचं. उन्हाळा सरला, श्रावण तोंडावर आला. वकीलसाहेब आणि सुमनताई गाडीनं नरसोबाच्या वाडीला निघाले होते. जाता जाता हवा बघायला थांबले. वकीलसाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, सुमनताई शेजारी, मांडीवर नारळाची पिशवी. मी दारात त्यांच्याशी बोलत उभी होते. यांनी चारी चाकं बघितली, मागच्या डाव्याचं टोपण घट्ट लावलं आणि सांगितलं, "सगळं बेस हाय."

सुमनताईंनी काच आणखी खाली केली.

"अण्णा, एक विचारू? चतुर्थीचं कळलं. सोमवारचंही टायरला काही पथ्य असतं का हो?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"असतंय की, वैनी," हे गंभीरपणे म्हणाले. "श्रावणातल्या सोमवारी तर पुढची दोन्ही चाकं धरत्यात."

सुमनताईंनी काळजीनं मान हलवली. वकीलसाहेबांनी गाडी सुरू केली, आरशात बघून टोपी सारखी केली आणि म्हणाले,

"मला संशय होताच."